सुरक्षा मंजुरीचा अर्ज आणि घरच्यांचा सल्ला

केंद्र सरकारच्या एका आस्थापनेत, प्रशासन विभागात, बरीच वर्षे काढल्यामुळे निवृत्तीनंतरही माझ्याकडे साक्षांकन नमुन्यांविषयीचे, म्हणजे नेमणुकीपूर्वी उमेदवाराने स्वतःविषयी भरून द्यायच्या फॉर्मविषयीचे, प्रश्न येत राहतात. सदाशिव पेठेतल्या आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांत बसणारी मुले येतात, पाषाणच्या किंवा दिघीच्या संरक्षण प्रयोगशाळांत निवड झालेली मुले येतात, आणि अलीकडे अमेरिकेत जन्मलेल्या किंवा तिथले नागरिकत्व घेतलेल्या मुलांचे आईवडीलही येतात. शब्द वेगळे असले तरी प्रश्न बहुधा एकच असतो. कॉलेजात असताना मुलाने गांजा ओढला होता, किंवा एखाद्या पार्टीत एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) घेतली होती, आता फॉर्ममध्ये त्याविषयी विचारले आहे, काय लिहायचे? आणि बहुतेक वेळा ते माझ्यापर्यंत येण्यापूर्वी घरात उत्तर ठरलेले असते. मामा, काका, शेजारचे निवृत्त साहेब अशा सगळ्यांनी मिळून सांगितलेले असते, "नाही म्हणून लिहून टाक. कोण बघायला येतंय?"

हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो, यात मला शंका नाही. परंतु ज्या नोकरीच्या काळजीने तो दिला जातो तीच नोकरी त्याने जाते, हे मी फायलींत पाहिलेले आहे, आणि म्हणून या विषयावर सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आधी अमेरिकेचे पाहू, कारण तिथला प्रश्न अधिक थेट आहे. तिथे गोपनीय माहिती हाताळाव्या लागणाऱ्या पदांसाठी जी सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सुरक्षा मंजुरी, लागते, तिचा अर्ज एसएफ-८६ या नावाने ओळखला जातो. शंभराहून अधिक पानांचा हा अर्ज नोकरीपासून नातेवाईकांपर्यंत सगळे विचारतो, आणि त्याचा तेविसावा विभाग अमली पदार्थांचा आहे. गेल्या सात वर्षांत कोणताही अमली पदार्थ बेकायदा घेतला का, जवळ बाळगला का, विकला का, डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध मुद्दाम भलत्या रीतीने वापरले का, असे प्रश्न त्यात आहेत. आधीची मंजुरी हातात असताना असे काही घडले का, या प्रश्नाला तर सात वर्षांचीही मर्यादा नाही. तो आयुष्यभराचा आहे. इथे आपल्या लोकांची पहिली गफलत होते. आपल्याकडच्या फॉर्ममध्ये अटक, खटला, दंड, शिक्षा यांविषयी विचारतात, त्यामुळे "पकडला गेला नाही ना, मग विषय संपला" अशी आपली समजूत असते. अमेरिकन अर्ज कृतीविषयीच विचारतो. पकडले गेलात की नाही, याला त्या विभागात काही महत्त्व नाही.

दुसरी गफलत कायद्याविषयी होते. ओळखीच्या एका कुटुंबातली मुलगी, जन्माने अमेरिकन नागरिक, शाळेची काही वर्षे कोथरूडमध्ये आजीकडे राहिलेली, आता व्हर्जिनियात एका संरक्षण कंत्राटदाराकडे अभियंता म्हणून निवडली गेली. कॉलेजात असताना तिने कोलोरॅडोमध्ये काही वेळा गांजा ओढला होता. कोलोरॅडोत प्रौढांना तो दुकानातून विकत घेता येतो. त्यामुळे "बेकायदा" या सदरात ते बसतच नाही, असे घरातल्या सर्वांचे एकमत झाले होते. प्रत्यक्षात राज्याने मुभा दिली असली तरी संघीय कायद्यात गांजावर निर्बंध आहेत, आणि या विभागाची उत्तरे संघीय कायदा धरून द्यायची आहेत हे त्या अर्जावरच लिहिलेले आहे. मी तिला तेवढा परिच्छेद शांतपणे पुन्हा वाचायला सांगितले. त्याच विभागात आणखी एक वाक्य आहे, जे फारसे कोणी वाचत नाही: इथे दिलेली खरी उत्तरे पुढे फौजदारी खटल्यात अर्जदाराविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाणार नाहीत. याउलट जाणूनबुजून खोटे उत्तर देणे हा तिथल्या संघीय कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणजे जे सांगायला आपण घाबरतो त्याला संरक्षण आहे, आणि जे आपल्याला सुरक्षित वाटते त्याला शिक्षा आहे.

आता निर्णय कसा होतो ते पाहू. अमेरिकेत ८ जून २०१७ पासून लागू असलेल्या एका निर्देशात तेरा मार्गदर्शक सूत्रे दिली आहेत आणि सर्व खात्यांना तीच लागू आहेत. त्यातले 'एच' हे सूत्र अमली पदार्थांचे आणि 'ई' हे वैयक्तिक वर्तनाचे आहे. 'एच' सूत्रात अमुक इतकी वर्षे कोरडी गेली की अर्जदार पात्र, असा ठोकताळा नाही. घटना किती जुनी, किती वेळा घडली, कोणत्या परिस्थितीत घडली आणि ती पुन्हा घडण्याची शक्यता किती, हे तपासतात. ज्यांच्यासोबत ते व्यसन होते त्या मित्रमंडळींपासून अर्जदार दूर झाला आहे का, ते वातावरण त्याने सोडले आहे का, यापुढे असे काही आढळल्यास मंजुरी रद्द व्हावी असे लेखी निवेदन तो द्यायला तयार आहे का, हेही पाहिले जाते. व्यसनमुक्तीचे उपचार पूर्ण केले असतील आणि तज्ज्ञाने पुढील वाटचालीविषयी अनुकूल मत दिले असेल, तर ते अर्जदाराच्या बाजूने धरण्याची तरतूद आहे. याशिवाय संपूर्ण माणूस पाहायचा असे तत्त्व आहे आणि त्यासाठी नऊ बाबी सांगितल्या आहेत. त्यांत त्या वेळचे वय आणि परिपक्वता आहे, तसेच त्या गोष्टीवरून कोणी दबाव आणू शकेल का हाही मुद्दा आहे. सध्याही अमली पदार्थ घेत असलेल्या व्यक्तीला मात्र मंजुरी देण्यास कायद्यानेच मनाई आहे. डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक अॅव्हरिल हेन्स यांनी काढलेल्या मार्गदर्शनात, गांजाचे पूर्वीचे सेवन विचारात घ्यावे, पण केवळ त्यावरच निर्णय ठरू नये, असे स्पष्ट केले आहे. अर्जावर सही केल्यानंतर मात्र सेवन पूर्णपणे बंद असले पाहिजे. धुळवडीला पुण्यात आलेल्या नातवंडांना हौसेने भांग पाजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाची व्याख्या झाडाच्या शेंड्यांपुरती आहे आणि नुसती पाने तिच्यातून वगळलेली आहेत. अमेरिकेच्या संघीय कायद्यात असा भेद केलेला नाही.

'ई' सूत्राचा सूर वेगळा आहे. अर्जातली वस्तुस्थिती जाणूनबुजून वगळणे, दडवणे किंवा खोटी देणे ही त्या सूत्रातली पहिलीच अपात्रतेची बाब आहे. आणि त्यामागचे कारण मला पूर्णपणे पटते. वयाच्या विसाव्या वर्षी ओढलेला गांजा विसाव्या वर्षीच राहिला, असे म्हणता येते. अठ्ठाविसाव्या वर्षी अर्जात लिहिलेले खोटे हे अठ्ठाविसाव्या वर्षीचे, म्हणजे आजचे वर्तन असते, आणि तेही नेमके ज्या सरकारी यंत्रणेचा विश्वास मागायचा आहे तिच्याशीच केलेले. काळ गेला, वय वाढले, समज आली, हे सगळे बचाव त्या एका उत्तराने हातचे जातात. त्यातच, दडवलेली गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याच्या हाती अर्जदाराविरुद्ध कायमचे साधन जाते. गोपनीय कागद हाताळणारा माणूस असा कोणाच्या मुठीत असणे, हीच तर अशा मंजुरीमागची मुख्य भीती आहे.

या सूत्रातल्या सवलतींपैकी दोन माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी मुद्दाम सांगतो. पहिली अशी की, चौकशी अधिकाऱ्याने वस्तुस्थिती समोर ठेवण्यापूर्वी अर्जदाराने स्वतः होऊन, तातडीने आणि प्रामाणिकपणे चूक दुरुस्त केली, तर ती त्याच्या बाजूने धरली जाते. "तुमचा जुना रूममेट तर वेगळेच सांगत होता" असे ऐकल्यावर दिलेली कबुली त्या सवलतीत बसत नाही. अर्जदाराचे मित्र, शेजारी, सहकारी यांना प्रत्यक्ष भेटून प्रश्न विचारले जातात, त्यामुळे ही वेळ येणारच नाही असे गृहीत धरण्यात अर्थ नाही. दुसरी सवलत सल्ल्याविषयी आहे. वकिलाच्या किंवा सुरक्षाविषयक प्रक्रियेबाबत मार्गदर्शन करण्याची व्यावसायिक जबाबदारी असलेल्या व्यक्तीच्या सल्ल्यामुळे माहिती वगळली गेली असेल, आणि चूक कळताच अर्जदाराने पूर्ण सहकार्य करून सत्य सांगितले असेल, तर त्याचा विचार होतो. या व्याख्येत आपले मामा, काका आणि शेजारचे साहेब बसत नाहीत. त्यांच्या सांगण्यावरून लिहिलेल्या उत्तराचा सगळा भार अर्जदारावरच येतो.

त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये नौदल विरुद्ध ईगन या प्रकरणात सांगितले की, अशा मंजुरीवर कोणाचाही हक्क नसतो. वॉशिंग्टन राज्यात ब्रेमर्टन इथे पाणबुड्यांच्या दुरुस्तीच्या केंद्रात काम करणाऱ्या थॉमस ईगन यांची मंजुरी नाकारताना नौदलाने जी कारणे दिली होती, त्यांत त्यांच्या जुन्या शिक्षा तर होत्याच, पण शस्त्र बाळगल्याच्या दोन आधीच्या शिक्षा त्यांनी अर्जात लिहिल्या नव्हत्या हेही होते. शंका उरली तर ती देशाच्या सुरक्षिततेच्या बाजूने सोडवायची, असा दंडक आजच्या निर्देशातही लिहिलेला आहे. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो हे आपण इतके ऐकलेले असते की, इथे नेमके उलटे आहे हे कोणाच्या लवकर ध्यानात येत नाही. तरीही ही प्रक्रिया अंध नाही. कंत्राटदारांच्या कर्मचाऱ्यांना मंजुरी नाकारायची असेल तर कारणांचे लेखी निवेदन दिले जाते, त्याला उत्तर देता येते, न्यायाधीशासमोर सुनावणी मागता येते, आणि असे निर्णय नावे वगळून जाहीर केले जातात. ते वाचण्यासारखे असतात. तरुणपणीच्या सेवनाविषयी सगळे सांगितलेल्या अनेकांना मंजुरी मिळालेली त्यांत दिसते, आणि त्याहून किरकोळ सेवन दडवलेल्या अनेकांची गेलेलीही दिसते.

एक इशारा इथेच देतो. हे सर्व अमेरिकन नागरिकांपुरते आहे. मंजुरी त्यांनाच मिळते. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या आपल्या मुलांनी हा लेख वाचून इमिग्रेशनच्या कागदांवर स्वतःच्या मनाने काही लिहू नये. परदेशी नागरिकाने अमली पदार्थांविषयीच्या गुन्ह्याची दिलेली कबुली तिथल्या प्रवेशाच्या आड येऊ शकते. खोटे तिथेही चालत नाही, म्हणून आधी त्या विषयातल्या वकिलाला भेटावे.

आता आपल्याकडचे. केंद्राच्या साक्षांकन नमुन्यावर अगदी वरच्या भागात इशारा छापलेला असतो की, खोटी माहिती देणे किंवा वस्तुस्थिती दडवणे ही अपात्रता ठरेल. फॉर्म भरून दिल्यानंतर अटक झाली किंवा खटला झाला तर तेही ताबडतोब कळवायचे, न कळवल्यास दडवल्याचे मानले जाईल, आणि सेवेत असताना कधीही खोटे उघडकीस आले तर सेवा संपुष्टात येऊ शकेल, हेही तिथेच असते. माझ्या टेबलावरून गेलेल्या एका प्रकरणात मुलगा हुशार होता, परीक्षेत वरचा क्रमांक होता. मुळशीच्या बाजूला एका फार्महाऊसवर पोलिसांनी छापा घातला तेव्हा तो तिथे सापडला होता. सेवनाचा गुन्हा दाखल झाला, त्याने न्यायालयात कबुली दिली, दंड भरला. सेवनासाठी आपल्या कायद्याचे कलम २७ आहे: कोकेन, हेरॉइन यांसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि इतरांसाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची पावती झाली म्हणजे प्रकरण मिटले, असे घरच्यांनी धरले. फॉर्ममध्ये अटक, खटला, दंड, शिक्षा यांचे वेगवेगळे प्रश्न होते, आणि प्रत्येकासमोर त्याने सुवाच्य अक्षरात "नाही" लिहिले होते. चारित्र्य पडताळणीचा अहवाल आला, त्यात गुन्हा क्रमांक, कलम आणि दंडाची रक्कम होती. कारणे दाखवा नोटीस गेली. त्यावरचा खुलासा फुलस्केपच्या दोन पानांचा होता. अक्षर वडिलांचे होते, शेवटची सही तेवढी मुलाची. त्यात लिहिले होते की, दंड म्हणजे शिक्षा नव्हे अशी समजूत होती. पण दंडाविषयीचा प्रश्न स्वतंत्रच होता, त्यामुळे हा खुलासा टिकण्यासारखा नव्हता. निवड रद्द झाली. त्याने खरे लिहिले असते तर नोकरी मिळालीच असती, असे मी म्हणणार नाही. निर्णय वरिष्ठांचा होता आणि पद संवेदनशील होते. मात्र त्यांच्यापुढे विचार करायला काहीतरी उरले असते, हे मी त्या फायलीवरून खात्रीने सांगू शकतो.

या विषयावरचा आपल्याकडचा मुख्य निकाल म्हणजे २१ जुलै २०१६ रोजीचा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तोपर्यंतचे परस्परविरोधी निकाल एकत्र पाहून तत्त्वे घालून दिली. लहान वयात दिलेल्या घोषणा किंवा एखादा क्षुल्लक गुन्हा, जो सांगितला असता तरी उमेदवार अपात्र ठरला नसता, तो दडवला असेल तर नियुक्ती प्राधिकारी ते दुर्लक्षित करू शकतो. फॉर्ममधला प्रश्न स्पष्ट असला पाहिजे, आणि जे नेमके विचारले तेवढेच सांगणे उमेदवारावर बंधनकारक आहे. दडवल्याचा ठपका ठेवण्यापूर्वी ती गोष्ट त्याला ठाऊक होती हे दिसले पाहिजे. कायम झालेल्या कर्मचाऱ्याला विभागीय चौकशीशिवाय काढता येणार नाही. त्याचबरोबर, उमेदवाराने सारे खरे सांगितले तरी त्याचे पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याकडे राहतोच, हेही न्यायालयाने नमूद केले.

या तत्त्वांचा वापर नेहमी एकाच दिशेने झालेला नाही, आणि उमेदवारांनी दोन्ही बाजू वाचाव्यात. त्याआधी, २०११ मध्ये, दिल्ली पोलिसांत निवडलेल्या संदीप कुमार याच्या प्रकरणात न्यायालयाने उदार दृष्टी ठेवली होती. मारहाणीचा तो खटला तडजोडीने मिटला होता आणि त्याने पहिल्या अर्जात तो लिहिला नव्हता. त्या वेळी त्याचे वय विशीच्या आसपास होते, आणि तरुणांच्या हातून होणाऱ्या अविचारांकडे काहीशा क्षमाशीलतेने पाहावे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रवींद्र कुमार या शिपायाच्या प्रकरणातही, माहिती न देण्याची प्रत्येक घटना आपोआप अपात्रता ठरत नाही, असे सांगून त्याला दिलासा दिला गेला. मात्र २०२१ मध्ये राजस्थानच्या वीज प्रसारण निगमातील अनिल कंवरिया याच्या प्रकरणात निकाल उलट गेला. गुन्हा किरकोळ होता, परिविक्षेच्या कायद्याचा (शिक्षेऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याचा) लाभही मिळाला होता. तरीही त्याने आपल्यावर कोणताही खटला नाही असे लिहून दिले होते. प्रश्न गुन्हा किती लहान याचा नसून, सेवेच्या सुरुवातीलाच खोटे बोलणाऱ्या कर्मचाऱ्यावर विश्वास कसा ठेवावा याचा आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. दिलासा मिळालेली उदाहरणे दाखवून मुलांना "पुढे कोर्टात बघू" असे सांगणारे मार्गदर्शक मला भेटले आहेत. रवींद्र कुमार याची भरती २००४ मधली होती, आणि त्याच्या बाजूने अंतिम निकाल लागेपर्यंत जवळपास वीस वर्षे गेली, हे ते सांगत नाहीत.

व्हर्जिनियातल्या त्या मुलीने सगळे लिहिले: अंदाजे महिने, वर्षे, ठिकाण, आणि शेवटचे कधी हेसुद्धा. जिथे नक्की तारीख आठवत नव्हती तिथे तिने "अंदाजे" असे नोंदवले, कारण खोटी अचूकताही पुढे अडचणीत आणते. तिची चौकशी अजून चालू आहे.

शेवटी उपचारांच्या कागदांविषयी, कारण त्यांच्या बाबतीत पुण्यातल्या घरांत फार नुकसान होताना मी पाहतो. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणासारखी जुनी, नावाजलेली व्यसनमुक्ती संस्था या शहरात आहे. तिथून बाहेर पडून वर्षानुवर्षे व्यसनापासून दूर राहिलेली माणसे आपल्या आसपास आहेत. आपल्या कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतः होऊन मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करतो, तेव्हा त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. अमेरिकेचा अर्ज उपचारांविषयी वेगळे प्रश्न विचारतो आणि पूर्ण केलेले उपचार अर्जदाराच्या बाजूने मोजतो. असे असूनही मुलगा घरी आला की केंद्राचे डिस्चार्ज कार्ड, पाठपुराव्याच्या भेटींच्या नोंदी, समुपदेशकाची पत्रे हे सारे लग्नाच्या बोलण्यांच्या भीतीने फाडून टाकले जाते. पुढे पाच-सात वर्षांनी तोच मुलगा मंजुरीच्या अर्जासमोर बसतो, तेव्हा त्याच्याकडे सेवनाची कबुली असते आणि ते सोडल्याचा एकही पुरावा नसतो. ज्यांच्याकडे असे कागद अजून आहेत त्यांनी ते मूळ स्वरूपात, तारखांसह, एका फाइलमध्ये ठेवावेत, त्यांच्या साक्षांकित प्रती करून घ्याव्यात, आणि केंद्राकडे जुन्या नोंदी उपलब्ध असतील तोवर उपचार पूर्ण केल्याचे पत्र मागून घ्यावे.